लागलं काहीच नाही, मग दादा सुटे पैसे का मोजू शकत नव्हता?

रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत तीन वर्षांपूर्वी रिअ‍ॅक्टर, म्हणजे रसायनांची क्रिया घडवायचं मोठं बंद भांडं, फुटला, तेव्हा माझा दादा शेजारच्या शेडच्या कोपऱ्यात उभा होता. अंतर साधारण बारा मीटर. भाजलं नाही, अंगावर काही पडलं नाही, डोकंही कुठे आपटलं नाही. कानात शिट्टी वाजत राहिली आणि गेटपाशी येऊन त्याला एक उलटी झाली, इतकंच. कंपनीने जखमींची यादी केली, त्यात तीन नावं होती. दादाचं नव्हतं. संध्याकाळी तो नेहमीसारखा ऐरोलीला घरी आला. वहिनीने दारातच विचारलं, "लागलं नाही ना कुठे?" तो म्हणाला, "काहीच नाही."

पंधरा दिवसांनी मी त्याच्याबरोबर भाजी घ्यायला गेले होते. मेथीची जुडी, अर्धा किलो कांदे, कोथिंबीर. त्याने दोनशेची नोट दिली, भाजीवाल्या मावशींनी उरलेले पैसे परत केले. दादा ते मोजायला लागला. एकदा मोजले, मग पुन्हा, मग तिसऱ्यांदा. मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं. शेवटी त्याने मूठ माझ्यापुढे उघडली आणि हळूच म्हणाला, "तूच बघ गं." बावीस वर्षं बॅचच्या मालाचे हिशेब तोंडी करणारा हा माणूस. सीटी स्कॅन झाला होता, रिपोर्ट नॉर्मल होता. त्या मुठीकडे बघताना मला पहिल्यांदा वाटलं की नॉर्मल या शब्दात काहीतरी निसटतंय.

मी शाळेत विज्ञान शिकवते, डॉक्टर नाही. पण तेव्हापासून या विषयावर जे हाती लागेल ते वाचत आले. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, तळोज्यात, डोंबिवलीत हजारो माणसं रोज बॉयलर, रिअ‍ॅक्टर, कॉम्प्रेसर यांच्याजवळ उभी असतात. त्यांच्या घरच्यांना तरी हे ठाऊक असायला हवं, म्हणून हा लेख.

सुरुवात हवेपासून करू. आपल्या भोवतीच्या हवेचा दाब दर चौरस इंचाला सुमारे १४.७ पाउंड असतो. तो सगळीकडून सारखाच असतो, म्हणून जाणवत नाही. कळंबोलीचा टायरवाला "किती हवा भरू?" असं विचारतो, तेव्हा तो हेच पाउंड मोजत असतो. गाडीच्या टायरमध्ये तीस-बत्तीस, ट्रकच्या टायरमध्ये शंभराच्या वर. आता हा कोंडलेला दाब एका क्षणात मोकळा झाला तर? ट्रकचा टायर भरताना फुटतो तेव्हा नेमकं तेच होतं, आणि रिअ‍ॅक्टर फुटतो तेव्हा त्याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर. बॉम्बमध्ये दाब आधी कोंडलेला नसतो, तो रासायनिक क्रियेने त्या क्षणी तयार होतो. टीएनटीमध्ये ही क्रिया सेकंदाला जवळपास सात किलोमीटर वेगाने पसरते. कारण वेगळं असलं तरी भोवतालच्या हवेला बसणारा तडाखा एकाच जातीचा असतो.

हवेला बाजूला सरकायला वेळच मिळत नाही. ती दाबली जाते, पुढच्या हवेवर आदळते आणि दाबाची एक भिंत आवाजापेक्षाही जास्त वेगाने बाहेर पळत सुटते. वारा म्हटला की आपल्याला हळूहळू वाढत जाणारा झोत आठवतो. इथे चढ नसतोच, सरळ कडा असतो. एका क्षणी नेहमीचा दाब, पुढच्याच क्षणी शिखर. मग दाब उतरतो आणि उतरताना नेहमीच्या पातळीच्याही खाली जातो, म्हणजे ढकलल्यावर उलटी ओढही बसते. स्फोटानंतर काही खिडक्यांच्या काचा घरात न पडता बाहेर रस्त्यावर पडलेल्या दिसतात, त्याला ही ओढ कारणीभूत असू शकते. पापणी लवायच्या आत हे सगळं संपलेलं असतं.

खिडकीची काच एका पाउंडाच्याही आतल्या जादा दाबाने तडकते. कानाचा पडदा फाटायला साधारण पाच पाउंड लागतात आणि फुप्फुसांना इजा व्हायला पंधराच्या आसपास. डोंबिवलीत २६ मे २०१६ रोजी एमआयडीसीतल्या स्फोटात १२ माणसं गेली, आणि २३ मे २०२४ रोजी तिथेच पुन्हा रिअ‍ॅक्टर फुटला. दोन्ही वेळा लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. काच फुटली म्हणून त्या घरातल्या माणसाच्या मेंदूला इजा झाली असं नाही. तिथे भीती उडणाऱ्या तुकड्यांची. मेंदूचा प्रश्न जवळ उभ्या असलेल्यांचा आहे.

आता जवळ म्हणजे किती, हे फक्त मीटरवर ठरत नाही. उघड्यावर दाब झपाट्याने उतरतो. दुप्पट अंतरावर तोच दाब पोचवायचा तर आठपट स्फोटकं लागतात. पण भिंत मध्ये आली की गणित बदलतं. लाट भिंतीवर आपटते आणि आपटण्याच्या जागी तिचा दाब किमान दुप्पट होतो, कोपऱ्यात त्याहून जास्त. इस्रायलमध्ये उघड्यावर झालेल्या आणि बसमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटांची तुलना १९९६ साली प्रसिद्ध झाली. उघड्यावर सापडलेल्यांपैकी शेकडा आठच्या आसपास दगावले, बसमधले शेकडा ४९. दादा कोपऱ्यात उभा होता, हे मी सुरुवातीलाच सांगितलं ते यासाठी. आपल्याला वाटतं भिंतीच्या आडोशाने वाचला. भिंत स्फोटाच्या आणि आपल्या मध्ये असेल तर खरंच वाचतो. भिंत पाठीमागे असेल तर तीच लाट दुसऱ्यांदा अंगावर येते.

लाट मेंदूपर्यंत कशी पोचते? खरवस डोळ्यांपुढे आणा. सव्वा-दीड किलोचा, हाताने उचलला तर आकार बदलेल इतका मऊ, आणि तो पाण्यासारख्या द्रवात तरंगत एका कडक डब्यात बंद आहे. डब्याला धक्का बसला की खरवस आतल्या आत हलतो, हे कुणालाही कळतं, आणि स्फोटाच्या झोताने डोकं झटकन मागे-पुढे होतं तेव्हा तसंच घडतं. डोकं कुठे आपटायचीही गरज नाही. दुसरी वाट म्हणजे दाबाची लाट थेट कवटीतून आरपार जाते, हाड कणभर वाकतं आणि आतल्या ऊतींवर क्षणभर ताण येतो. तिसरी वाट ऐकून मला नवल वाटलं होतं. लाट छाती-पोट दाबते आणि तिथलं रक्त शिरांमधून एकदम वर, मेंदूकडे उसळतं. यातल्या कुठल्या वाटेचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद चालू आहे. एका स्फोटात तिन्ही एकत्रही येऊ शकतात.

मेंदू सगळा एकसारखा असता तर तो एकसंध हलला असता. तसा तो नाही. बाहेरचा करडा थर पेशींचा, आतला पांढरा भाग त्या पेशींच्या लांबलचक धाग्यांचा. दह्याचं भांडं हिसडा देऊन सरकवलं की साय आणि दही यांच्या सीमेवर चीर पडते, कारण दोघांची चाल वेगळी. मेंदूतही ताण अशा सीमांवर जास्त पडतो. करडा आणि पांढरा भाग जिथे भेटतात तिथे, रक्तवाहिन्यांच्या कडेला, द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या काठाला.

ताणले जातात ते मुख्यतः हे धागे. अक्षतंतू म्हणतात त्यांना. एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारी ही तार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकी बारीक असते आणि तिच्या आत मालाची ने-आण करणारे रूळ असतात. तार सावकाश ताणली तर सहन करते. झटक्यात ताणली तर आतले रूळ मोडतात. माल अडतो, तार तिथे फुगते आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी तुटते. म्हणजे इजा स्फोटाच्या क्षणी संपलेली नसते, ती नंतरही चालू राहते. त्याच वेळी पेशींच्या भिंतीतून क्षार उलटसुलट होतात आणि ते जागेवर आणायला पेशीला भरपूर ऊर्जा लागते, नेमका त्याच सुमाराला रक्तपुरवठा आखडलेला असू शकतो. घरात पाहुणे भरलेत आणि सिलिंडर संपलाय, अशी अवस्था. माणूस वरून बरा दिसतो, पण दोन वाक्यं बोलून दमतो. वहिनी म्हणायची, "हे आंघोळ करून आले तरी झोपतात." त्याचं कारण आळस नव्हतं.

सीटी स्कॅनमध्ये हे का दिसत नाही? सीटी रक्तस्राव, हाडाचा तडा आणि मोठी सूज दाखवतो, आणि त्यासाठी तो हवाच. आत रक्त साचलं असेल तर तोच जीव वाचवतो. पण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची तार त्याला दिसणं शक्य नाही. साधा एमआरआयही बऱ्याचदा काही दाखवत नाही. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच, की ऑपरेशन करावं लागेल असं काही नाही. इजाच नाही, असं तो रिपोर्ट म्हणत नाही. आपण मात्र तो तसा वाचतो.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं, ते २०१६ साली स्पष्टपणे पुढे आलं. अमेरिकेच्या सैन्याच्या वैद्यकीय विद्यापीठात डॅनियल पर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फोटात सापडलेल्या आठ मृत सैनिकांचे मेंदू तपासले. वर सांगितलेल्या त्याच सीमांवर त्यांना व्रण दिसले. मेंदूत तारापेशी असतात, इतर पेशींची देखभाल करणाऱ्या. कातडीवर खपली धरावी तशी या पेशींनी इजेच्या जागी जाळी विणलेली होती. स्फोटानंतर बराच काळ जगलेल्यांमध्ये हे व्रण जुने, पक्के झालेले होते आणि लवकरच गेलेल्यांमध्ये नुकते सुरू झालेले. आठ मेंदू म्हणजे थोडेच, त्यावरून सगळ्यांबद्दल ठाम बोलता येत नाही. पण "हे सगळं मनाचे खेळ" म्हणणाऱ्यांपुढे ठेवायला हे पुरेसं आहे.

आणि असं म्हणणारे शंभर वर्षं होते. पहिल्या महायुद्धात चार्ल्स मायर्स या डॉक्टरने १९१५ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात काही ब्रिटिश सैनिकांची हकिकत लिहिली. जवळ तोफगोळा फुटलेला, अंगावर जखम नाही, पण दिसत नाही, चव लागत नाही, आठवत नाही. 'शेल शॉक' हा शब्द तिथून रूढ झाला. फ्रेडरिक मॉट या दुसऱ्या डॉक्टरने अशा मृत सैनिकांच्या मेंदूत बारीक रक्तस्राव दाखवले. पुढे सैन्याला या निदानाची अडचण व्हायला लागली, कारण अशा सैनिकांची संख्या वाढत गेली. १९१७ मध्ये तो शब्द वापरायचा नाही असा हुकूम निघाला आणि कागदावर "निदान अद्याप नाही" अशा अर्थाची अक्षरं लिहायला लागले. त्या अक्षरांमागे किती दादा असतील, असं माझ्या मनात येतं.

हे फार जुनं वाटत असेल तर ८ जानेवारी २०२० चं बघा. इराणने इराकमधल्या अल असद तळावर क्षेपणास्त्रं डागली. तिथले अमेरिकी सैनिक बंकरमध्ये होते. पहिली बातमी होती, कुणालाही इजा नाही. आठवड्याभरात ११ जणांना मेंदूची इजा झाल्याचं मान्य झालं. मग ३४. मग ५०. फेब्रुवारीत आकडा ११० वर गेला. अंगावर ओरखडा नसलेले हे ११० जण. जगातल्या सगळ्यात सुसज्ज सैन्याला ते मोजायला महिना लागला, मग आपल्या कंपनीच्या टाइमकीपरला दोष किती देणार? दोष त्या समजुतीचा, की रक्त दिसलं तरच जखम.

एक मोठा स्फोट वेगळा आणि रोजचे छोटे वेगळे. खांद्यावरून डागायची रॉकेटं, तोफा, दार उडवण्याचं प्रशिक्षण, यात प्रत्येक दणका छोटा असतो पण तो हजारदा बसतो. अमेरिकी सैन्याने यासाठी चार पाउंडांची मर्यादा धरली आहे, त्याहून जास्त दाब बसेल तिथे अंतर वाढवायचं आणि संख्या मोजायची. आमच्या सोसायटीचे वॉचमन काका देवळालीला तोफखान्यात होते. त्यांना एका कानाने ऐकू येत नाही आणि पहाटे तीनला जाग येते ती येतेच. त्यामागे तोफा आहेत की वय, मी सांगू शकत नाही. पण आजवर एकाही डॉक्टरने त्यांना "तोफेजवळ किती वर्षं होतात?" असं विचारलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

त्याचबरोबर अकारण भीतीही नको. असा स्फोट अनुभवला म्हणजे पुढे मेंदू झिजत जाणार, असं ठरलेलं नाही. बॉक्सर आणि अमेरिकन फुटबॉल खेळाडूंमध्ये आढळणारा मेंदूचा एक झिजेचा आजार सैनिकांमध्येही सर्रास असेल असं वाटत होतं. २०२२ मध्ये २२५ मृत सैनिकांच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध झाली, त्यात तो फक्त दहा जणांत निघाला आणि ते दहाही जण धडकाधडकीचे खेळ खेळलेले होते. स्फोटाचा व्रण आणि हा आजार या दोन वेगळ्या गोष्टी दिसतात.

दिवाळी आली की शाळेत मुलं विचारतात, "बाई, सुतळी बॉम्बने पण मेंदूला लागतं का?" आपल्याकडे फटाक्याच्या आवाजाला चार मीटरवर १४५ डेसिबल शिखराची मर्यादा आहे. दाबात मांडलं तर ते पाउंडाच्या विसाव्या भागाइतकं येतं, सैन्याची ती चार पाउंडांची मर्यादा याच्या सत्तर-ऐंशी पट आहे. नियमातला फटाका नियमातल्या अंतरावर मेंदूला दाबाने इजा करत नाही. कानाला करतो, डोळ्याला करतो, आणि डब्याखाली ठेवून उडवला तर पत्रा उडतो. तीच गोष्ट सुरुंगांची. उलव्याची टेकडी विमानतळासाठी फोडली तेव्हा, घणसोली-शिळफाटा बोगद्याच्या कामात, पारसिकच्या डोंगरातल्या क्वारींमध्ये, लांबच्या घरात भांडी खणखणतात ती मुख्यतः जमिनीच्या कंपनाने. त्याने भिंतीला तडा जाईल, मेंदूला नाही. पण क्वारीत वात पेटवून वेळेत लांब न गेलेला मजूर, टायर भरताना वर वाकलेला पोरगा, प्रेशर टेस्ट चालू असताना जवळ थांबलेला हेल्पर, यांचं तसं नाही.

मग ओळखायचं कसं? डोकेदुखी, चक्कर, उजेड आणि आवाज सहन न होणं, झोप बिघडणं, शब्द न सुचणं, चटकन राग येणं, कानात आवाज. कुकरची शिट्टी झाली की दादा ओट्याला घट्ट धरायचा. ऐरोली स्टेशनच्या जिन्यावर भिंतीला हात लावून उतरायचा. यातली बरीच लक्षणं भेदरलेल्या मनाचीही असतात, आणि ज्याने असा स्फोट पाहिलाय त्याचं मन भेदरणारच. दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात. मनाचं आहे म्हणून मेंदूचं नाही, असं मानू नका, आणि उलटही नको.

वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, फिट, एका बाजूची शक्ती कमी होणं, बोलणं अडखळणं, गुंगी वाढत जाणं यातलं काहीही दिसलं तर रात्र असो की पहाट, थेट मोठ्या हॉस्पिटलात. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर लक्षण नसलं तरी. छातीत दुखलं किंवा दम लागला तरीही तसंच, कारण लाट फुप्फुसांतूनही गेलेली असते. कानाचा पडदा शाबूत आहे, म्हणजे बाकी सगळं ठीक, असं गृहीत धरू नका.

ही इजा पुसून टाकणारी गोळी अजून नाही. पहिले एक-दोन दिवस खरी विश्रांती, मोबाइल आणि टीव्हीपासूनही. त्यानंतर मात्र अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं नाही. थोडं चालणं, थोडं काम, त्रास वाढला की एक पायरी मागे. दारू नको, गाडी चालवणं नको, आणि मेंदू सावरत असताना दुसरा मार तर अजिबात नको, म्हणजे लगेच त्याच प्लांटवर उभं राहायचं नाही. तोल जात असेल तर त्यासाठी वेगळे व्यायाम असतात, ते फिजिओथेरपिस्ट शिकवतात. झोप आणि डोकेदुखीवर उपचार होतात. बहुतेक लोक काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत सावरतात. दादाला आठ महिने लागले. अजूनही गर्दीच्या हॉटेलात तो फार वेळ बसत नाही, पण सुटे पैसे आता तोच मोजतो.

आमची चूक झाली ती कागदात. पहिल्या केस पेपरवर फक्त "डोकेदुखी, चक्कर" असं होतं, स्फोट हा शब्दच नव्हता, कारण दादाने सांगितलाच नाही आणि कुणी विचारलाही नाही. यादीत नाव नाही, पेपरवर कारण नाही, मग ईएसआयसीकडे रजेच्या भरपाईसाठी गेल्यावर काय दाखवणार? म्हणून त्याच दिवशी, काही झालं नसलं तरी, कंपनीच्या अपघात नोंदीत नाव घालून घ्या, कंत्राटी असाल तर हट्टाने. आणि डॉक्टरांना लक्षणांच्या आधी हे सांगा: काय फुटलं, किती लांब होतात, आत की बाहेर, पाठीमागे भिंत होती का, शुद्ध हरपली का, त्या वेळचं काही आठवत नाही असं आहे का.

चौथ्या महिन्यात आम्ही ठाण्याला एका न्यूरॉलॉजिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि दादाला कोरा कागद दिला, म्हणाल्या, "शेड काढून दाखवा." त्याने काढली. रिअ‍ॅक्टर कुठे, दार कुठे, आपण कुठे. काढताना हात थरथरत होता, पण कोपरा त्याने बरोबर दाखवला. बाईंनी पेपरवर पहिली ओळ लिहिली: "रिअ‍ॅक्टरचा स्फोट, १२ मीटर, दोन भिंतींच्या कोपऱ्यात." दादाने ती दोनदा वाचली. मग कागदाची नीट घडी केली आणि ईएसआयसीच्या कार्डाच्या प्लॅस्टिक कव्हरमध्ये सरकवली.